पायपुसण्याखालचं चौदावं प्रकरण

१

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, येना शहरातल्या एका चार मजली इमारतीच्या सायकली ठेवायच्या खोलीत, तनया आगाशे हिला पाच विरुद्ध शून्य मतांनी चेटकीण ठरवण्यात आलं. पाचांत एक मत तिच्या नवऱ्याचं होतं आणि एक तिचं स्वतःचं.

तर असं काहीही झालेलं नाही. हाउसफेरवाल्टुंगच्या, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीच्या इतिवृत्तात तसा ठराव नाही, हजर असलेल्यांपैकी कुणाला तो आठवत नाही, आणि सायकलींना विचारण्यात अर्थ नाही. वाचकांनीही वरचा परिच्छेद वाचलेला नाही असं धरून चालावं. गोष्ट सुरू होते त्याआधीच्या मंगळवारी, दारावरच्या तीन ठोक्यांनी.

दारात तळमजल्यावरच्या फ्राऊ क्रेचमर उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, कणा सरळ, इमारतीचे सगळे नियम तोंडपाठ. हातात मटार फ्रीझरला टाकतात तसली प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एक चौकोनी कागद.

"हे माझ्या पायपुसण्याखाली होतं," त्या म्हणाल्या. "इंग्रजी आहे. तुम्हाला येतं. मलाही येतं, पण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

तनयाने पिशवीतूनच वाचलं. 'मी तुझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेले आहे. तू त्याचं काय केलंस ते मला ठाऊक आहे. पहिला बर्फ पडायच्या आत तुझी मान दोरात असेल.'

कागदाला सुईने भोकं पाडलेली होती. पाच-पन्नास नव्हे, शेकडो. 'मान' या शब्दाच्या वाट्याला त्यातली चार आली होती.

"हॅलोवीनची मस्करी असेल," तनया म्हणाली.

"हॅलोवीन गुरुवारी आहे. या देशात कुणी दोन दिवस आधी मस्करी करत नाही."

"पायपुसण्याखाली आणखी काही होतं?"

"होती कसलीशी घाण. मी व्हॅक्यूम केलं. मग ओल्या फडक्याने पुसलं. मग पोलिसांना फोन केला." फ्राऊ क्रेचमर यांनी पिशवी दोन बोटांत धरून अंगापासून लांब केली. "ते म्हणाले, पुरावा आहे का? मी म्हटलं, होता, पण आता सगळं स्वच्छ आहे."

त्या गेल्यावर तनया दाराला पाठ लावून उभी राहिली. धमकी भयंकर होती म्हणून नव्हे. ती धमकी तिनेच लिहिली होती म्हणून.

तीन वर्षांपूर्वी ती इथल्या विद्यापीठात पीएचडीला आली. विषय: अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधले चेटुकाचे खटले. प्रबंध अजून झाला नव्हता, कारण त्याऐवजी तिने त्याच विषयावर एक रहस्यकादंबरी लिहायला घेतली होती. सोळाशे नव्वदच्या सुमाराचं एक कल्पित गाव, त्यातली पेशन्स नावाची सुईण, आणि चौदाव्या प्रकरणात घरोघरी येऊन पडणाऱ्या निनावी चिठ्ठ्या. ही कादंबरी नवऱ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, आणि नवरा चौथ्या पानावर झोपला होता.

"काय गं झालं? त्या बाई एवढ्या घाबरलेल्या का दिसत होत्या?" आतून सासूबाई स्नेहलता आल्या. तीन महिन्यांसाठी चिंचवडहून आल्या होत्या, त्यातला एक सरला होता.

"काही नाही आई. पाण्याच्या मीटरचं काहीतरी होतं."

"पाण्याला घाबरतात होय? म्हणून अंघोळ एक दिवसाआड."

तनयाने खोलीत जाऊन टेबलाचा खालचा खण उघडला. तेरावं प्रकरण होतं. पंधरावं होतं. चौदावं नव्हतं.

२

बुधवारी पहिल्या मजल्यावरच्या हेर वोल्फ्राम यांच्या पायपुसण्याखाली दुसरं पान निघालं.

हेर वोल्फ्राम यांनी आयुष्यातली चाळीस वर्षं दुर्बिणींची भिंगं घासण्यात घालवली होती. आता ते एकटे राहत आणि घरातली प्रत्येक वस्तू भिंगाखाली बघत, त्यात सकाळचा पावही आला. त्यांनी जिन्यातच तनयाला गाठून आत बोलावलं. आत येताच दाराला दोनदा कुलूप लावलं.

'तुझ्या कोठारात काय आहे ते गावाला कळलं आहे,' असं त्यांच्या पानावर होतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" ते कुजबुजले.

"मला? मला काहीच माहीत नाही."

"सहा वर्षं," हेर वोल्फ्राम खुर्चीत बसकण मारत म्हणाले. "सहा वर्षं मी तळघरात आलुबुखारांची दारू गाळतोय. परवाना नाही. दर ख्रिसमसला बहिणीला दोन बाटल्या, बाकी मी. आल्झो, तर मी कबूल करतो. कुणाकडे कबूल करायचं असतं?"

प्रबंधासाठी तिने असले शेकडो जबाब वाचले होते. आरोप कसाही मोघम असो, तो आपल्यालाच लागू आहे असं वाटायला माणसाला दोन मिनिटं पुरतात.

"भोकांचं काय म्हणणं आहे तुमचं?" तिने विचारलं.

कामाचा प्रश्न आल्यावर ते जरा माणसात आले. कागद भिंगाखाली सरकवून म्हणाले, "बघा. भोकाची कड कुठल्या बाजूला वर आलीये? छापलेल्या. म्हणजे सुई मागून घातलीये. कोऱ्या बाजूने. बारीक सुई, हात सराईत. कुठेही घाई नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "त्याचीच मला जास्त भीती वाटते. रागात भोसकलेलं समजू शकतो मी. हे कुणीतरी शांतपणे, चहा पीत केलंय."

"आणि कागद चौकोनी का कापला असेल?"

"ते मला कसं ठाऊक? मी भिंगवाला आहे."

बाहेर पडताना तनयाला त्यांच्या दारापाशी मुंग्या दिसल्या. बाहेर तापमान चार अंश, आणि इथे मुंग्यांची रांग सरळ न जाता कुठल्याशा वळणाने फिरत होती, वर्तुळ घेत, पुन्हा मधे येत. कुणीतरी त्यांना शिकवल्यासारखी. तिने त्यावरून पाय उचलून टाकला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

वर तिच्या घराच्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती: या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी यांची. पाटीखाली एक बंद लिफाफा चिकटवलेला होता.

हाउसफेरवाल्टुंगचे हेर ब्रांट लिहीत होते की धमक्यांचा प्रकार गंभीर असून शनिवारी अकरा वाजता सर्व भाडेकरूंची बैठक होईल. तोवर दोषी व्यक्तीचं नाव समोर न आल्यास सर्व कागद पोलिसांकडे जातील, आणि ज्या सदनिकेतून ते आले असं सिद्ध होईल तिचा करार त्याच दिवशी रद्द होईल.

हे घर मिळायला त्यांना चौदा महिने लागले होते. कागद तिचा होता, शाई तिच्या विभागातल्या प्रिंटरची होती, शब्दही तिचेच होते. सिद्ध करायला पोलिसांना दुपारच्या जेवणाआधीची वेळ पुरली असती.

३

"कोण कशाला तुझी कादंबरी चोरेल?" तिचा नवरा पुष्कर म्हणाला. "मला तू फुकट दिली होतीस."

"अरे, गंमत नाहीये ही. घर जाईल आपलं."

"आईला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? त्या घाबरतील."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तिला कळता कामा नये. आधीच मी तिला केवढी यादी दिलीये. रविवारी मिक्सर लावायचा नाही, बाल्कनीत पापड वाळवायचे नाहीत, दाराबाहेर रांगोळी घालायची नाही, काच आणि कागद एका डब्यात टाकायचे नाहीत. परवा मला म्हणाली, श्वास घेतला तर चालतो ना रे?"

आई स्वयंपाकघरात शंकरपाळी लाटत होत्या. तिथून म्हणाल्या, "पुष्कर, येताना पिठीसाखर आण रे. संपली."

"सोमवारीच तर आणली होती!"

"दिवाळी आहे. संपते."

गुरुवारी तनया पोटमाळ्यावर राहणाऱ्या समर्थकडे गेली. समर्थ नाशिकचा, रसायनशास्त्रात पीएचडी करणारा. इमारतीत त्यांच्या घराबाहेरचा मराठी माणूस तेवढाच एक. संशय घ्यायला तोच सोयीचा होता. त्याला कधीमधी जेवायला बोलावलेलं असायचं, आणि ते खणाचं टेबल असलेल्या खोलीतच बसून तो फोन चार्ज करायचा.

त्याने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. "तनयाताई, तुला पण आलं?"

"काय?"

त्याने कागद पुढे केला. चौकोनी, भोकं पाडलेला. पण हा इंग्रजी नव्हता. जर्मन होता, आणि कादंबरीतला तर मुळीच नव्हता. वरचा पत्त्याचा भाग कापला गेला होता. उरलं होतं ते असं: 'आपण ठरलेली वेळ पाळलेली नाही. आम्ही आपली वाट पाहिली. पुढील दिरंगाईचे परिणाम वेदनादायक असू शकतात.'

"त्यांना कळलंय," समर्थ म्हणाला.

"कुणाला? काय?"

"मी पीएचडी सोडलीये गं. आठ महिने झाले. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि वाचनालयात बसून हवामान बघतो. घरी सांगितलं नाहीये. बाबांनी तर माझ्या नावाआधी डॉक्टर लावून लग्नपत्रिकाही छापलीये, ताईच्या लग्नाची." तो भिंतीला टेकला. "वेदनादायक म्हणजे काय करतील?"

तनयाने कागद पुन्हा वाचला. तिने हे पत्र पाहिलं होतं. हे तिच्याच दातांच्या डॉक्टरचं पत्र होतं. दात साफ करायची वेळ चुकवल्याबद्दलचं. तेही त्याच खणात होतं.

म्हणजे चोर कादंबरीच्या मागे नव्हता. चोर तिच्या दातांच्याही मागे होता.

ती धडपडत खाली आली. स्वतःच्या दारापुढे थांबली. तीन दिवसांत तिने सगळ्यांची पायपुसणी बघितली होती, आपलं उचललं नव्हतं. तिने चपलेच्या टोकाने ते उलटलं.

खाली कागद होता. 'आता तुझी पाळी,' त्यावर लिहिलं होतं.

४

शुक्रवारी दुपारी तनया तो कागद घेऊन बसली. हेर वोल्फ्राम यांची भिंगं नव्हती, पण तीन वर्षं जुने जबाब तपासून एक सवय लागली होती: कुणी काय म्हटलं ते नंतर बघायचं, आधी कागद बघायचा.

चौदावं प्रकरण आणि दातांचं पत्र. धमकी द्यायची तर पंधराव्या प्रकरणात याहून जबरदस्त मजकूर होता. त्यात एका माणसाला दगडांखाली घालतात. ते खणात अगदी वर पडलं होतं आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. का?

तिने पंधरावं प्रकरण उलटलं. मागच्या बाजूला छापलेलं होतं. तेरावं उलटलं. तेही दोन्हीकडून. मग आठवलं: चौदावं छापलं त्या दिवशी विभागातल्या प्रिंटरने दोन्ही बाजूंनी छापायला नकार दिला होता. दातांचं पत्र तर एकाच बाजूला असतं.

नेलेल्या सगळ्या कागदांमध्ये सामाईक गोष्ट एकच होती. त्यांची पाठ कोरी होती.

सुई मागून घातली होती, कारण काम करणारा मागची बाजू बघत होता. पुढे काय छापलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. अख्ख्या जर्मनीत कोऱ्या पाठीचा कागद बघून ज्याचा जीव हरखेल, ज्याला तो कचऱ्यात जाताना बघवणार नाही, असा माणूस कोण?

तिने टेबलाचा दिवा लावला आणि कागद त्याच्यासमोर धरला.

भोकांतून प्रकाश आला. ठिपके ठिपक्यांना मिळाले. धमकीच्या मजकुरावर एक कासव बसलेलं होतं. चार पाय, शेपटी, पाठीवर जाळी. सुरेख, प्रमाणबद्ध कासव.

आई आत दुपारच्या झोपल्या होत्या. त्यांच्या उशाशी शंकरपाळ्यांच्या डब्याखाली पाठकोऱ्या कागदांचे चौकोन नीट रचलेले होते. सर्वांत वरच्या चौकोनावर पेन्सिलीने ठिपक्यांची जाळी आखलेली होती, आणि बुचात खोचलेली सुई शेजारी. कागदाला भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची. भोकांतून खाली नक्षी उतरते. रांगोळी इथे मिळत नाही. पिठीसाखर मिळते. मुंग्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, त्या साखरेच्या रेघेवरून चालत होत्या.

जिना पुसायच्या आठवड्यात आई सगळ्या मजल्यांवर एकट्या असत. पुष्करने दाराबाहेर रांगोळी घालायला मनाई केली होती, कारण आई शेवटी मधोमध एक चिन्ह काढतात. आपल्याकडे ते दारोदार असतं, आणि इथे त्यासाठी पोलीस येतात. आईंनी आज्ञा पाळली होती. दाराबाहेर दिसेल अशी रांगोळी घातली नव्हती. पायपुसण्याखाली घातली होती, आणि पुसू नये म्हणून वर कागद तसाच ठेवला होता.

कोडं सुटलं होतं आणि भीती दुप्पट झाली होती. उद्या एक नाव द्यायचं होतं. आईंचं दिलं तर प्रकरण पोलिसांत नोंदवलेलं: अज्ञात पदार्थ, धमकी, परदेशी पाहुणी. पुढच्या वेळी व्हिसाच्या खिडकीत ते निघणार. त्याहून वाईट म्हणजे आईंना कळणार, की आपण ज्यांचं भलं चिंतलं ती माणसं आठवडाभर दाराला दोन-दोन कुलपं लावून बसली होती. नाव नाही दिलं तर घर जाणार.

नाव घेण्याबद्दल तिने तीनशे पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

५

सायकलींच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. हेर ब्रांट उभे होते, हातात छापील तक्ता. दिवाळीतला पाडवा होता; आईंना वर ओवाळणीची तयारी करत बसवून पुष्कर खाली आला होता.

"पहिला प्रश्न," हेर ब्रांट म्हणाले. "हे कुणी केलं?"

"हे माणसाचं काम नाही," फ्राऊ क्रेचमर म्हणाल्या. आठवड्यात त्या चार वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. "दार बंद, खिडकी बंद, आणि मुंग्या गोल फिरतात. माझी आजी याला एकच शब्द वापरायची. हेक्से."

"चेटकीण," समर्थने उगाच भाषांतर केलं.

तनया उठली. तिने एका सायकलीचं हँडल धरलं. वसाहतींमधल्या त्या खटल्यांबद्दल तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: ज्या बायका 'मी नाही' म्हणाल्या त्या लटकल्या, आणि ज्यांनी कबूल केलं त्यांतल्या पुष्कळ वाचल्या.

"मी केलं," ती म्हणाली. "कागद माझे, शब्द माझे. आणखी कुणाचा संबंध नाही. चेटकीण लिहायचं असेल तर चेटकीण लिहा."

खोलीत सुटकेचा निःश्वास ऐकू आला. हेर ब्रांट यांनी तक्ता वाचला. "आल्झो. रकाना नाही, पण 'इतर'मध्ये बसेल. अनुकूल हात वर करा."

फ्राऊ क्रेचमर यांचा हात वर गेला. हेर वोल्फ्राम यांचा गेला. तळघराचा विषय निघाला नाही म्हणून तो जरा जास्तच उंच होता. समर्थने तनयाकडे बघत माफी मागितल्यासारखा केला. पुष्कर फोनवर आईला लामणदिवा कुठल्या कपाटात आहे ते सांगत होता. सगळ्यांचे हात बघून त्यानेही केला. राहू नये म्हणून तनयाने आपला केला.

"एकमताने—"

"काय चाललंय गं? हात कशाला वर केलेत सगळ्यांनी?"

आई दारात होत्या. जरीकाठी साडी, वर पुष्करचं जॅकेट, हातात निरांजनाचं ताट. "अरे, लामणदिवा तिथे नाहीये, म्हणून खाली आले." मग त्यांना टेबलावरचे कागद दिसले. पिशवीत घातलेले, एक, दोन, तीन, चार. "ही माझी कासवं. यांनी पिशवीत कशाला घातली?"

"आई, तुम्ही वर जा. प्लीज," तनया म्हणाली.

"तू रडतेयस का? कुणी बोललं का तुला?" त्यांनी ताट सायकलीच्या सीटवर ठेवलं आणि हेर ब्रांट यांच्याकडे वळल्या. "अहो साहेब, तिने नाही केलं. मी केलंय. समर्थ, सांग रे यांना. आणि ते चिन्ह मी कुठ्ठे काढलेलं नाही, नुसती कासवं काढलीत. पुष्करला विचारा, मी यादी पाळते."

समर्थने सांगितलं. रांगोळी म्हणजे काय हे सांगताना त्याने हातवारे इतके केले की हेर ब्रांट एक पाऊल मागे सरकले. शेवटी समर्थने एक पिशवी उघडून कागद खिडकीसमोर धरला.

हेर वोल्फ्राम यांनी खिशातलं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. "सुमारे नऊशे भोकं," ते म्हणाले. "एकही चुकलेलं नाही." त्यांच्या आवाजात दारू गाळणाऱ्याचा नव्हे, भिंग घासणाऱ्याचा आदर होता.

फ्राऊ क्रेचमर मात्र जागच्या हलल्या नाहीत. "तिला विचार," त्या समर्थला म्हणाल्या, "माझ्या दारात का?"

आईंनी समर्थच्या तोंडून प्रश्न ऐकला, विचार केला. "कारण त्यांच्या दारात काहीच नसतं रे. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की दार तसं ठेवतात. रोज जिना पुसताना मला प्रत्येक दारापुढे वाटायचं, इथे कुणी वारलंय. दिवाळीत तरी असं नको, म्हणून काढलं. दिसणार नाही असं काढलं, त्यांना त्रास नको."

समर्थने हळूहळू भाषांतर केलं.

फ्राऊ क्रेचमर यांनी पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "माझा नवरा, हान्स, मार्चमध्ये गेला," त्या म्हणाल्या. "तिकडे हाइममध्येच, वृद्धाश्रमात. मी कुणाला सांगितलं नाही. दारावरची पाटी काढावी लागली असती."

आईंना जर्मन येत नव्हतं. त्यांनी समर्थकडे बघितलंही नाही. सीटवरचं ताट उचललं आणि फ्राऊ क्रेचमर यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, म्हणजे तनयाच्या, जाऊन बसल्या. मग फ्राऊ क्रेचमर यांनी विचारलं, व्हॅक्यूम केलेलं पुन्हा काढता येतं का.

हेर ब्रांट यांनी ठराव खोडला. 'इतर'चा रकाना कोरा ठेवला. करार रद्द होणार नव्हता, पोलिसांना कळवलं जाईल की तो पदार्थ पिठीसाखर होता. मात्र घडल्या प्रकाराबद्दल भाडेकरूने लेखी खुलासा द्यावा, असं त्यांनी बजावलं. तनयाने तो सोमवारी दिला. त्याचा शेवट असा:

'वरील खुलासा मान्य करून, सदर इमारतीच्या मुख्य दाराबाहेरील दोन फूट गुणिले दोन फूट जागा, दररोज सकाळी सहा ते सहा वाजून वीस मिनिटे या वेळेत, श्रीमती स्नेहलता आगाशे यांच्या वापरासाठी राखून ठेवण्यात यावी. या कालावधीत त्या जागेवर पाऊस, बर्फ, सायकली, व्हॅक्यूम क्लीनर आणि कोणत्याही स्वरूपाची भीती येणार नाही, याची लेखी हमी कचेरीने द्यावी, ही विनंती. हमीची प्रत तीन शतके मागील तारखेने, अमेरिकेतील संबंधित वसाहतींच्या सर्व न्यायाधीशांनाही पाठवावी. उत्तर चौदा दिवसांच्या आत अपेक्षित आहे.'